आधी खा, मग सांगते

प्रिय धाकटे,

पत्र हातात आलं की तू आधी शेवटचं पान काढून वाचतेस, ही तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस, ओळीने वाच. फोनवर सांगता आलं असतं म्हणशील. पण फोनवर आपण हवापाणी आणि गुडघेदुखी यांच्यापुढे कधी गेलोय? मग तू 'बाकी?' म्हणतेस, मी 'बाकी ठीक' म्हणतो आणि दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो. बाकी ठीक नाही. आईला यापुढे कोणी सांभाळायचं, हे ठरवायची वेळ आली आहे, आणि ते माझ्या एकट्याच्याने ठरत नाही. हे वाक्य लिहायला मला किती कागद फाडावे लागले ते विचारू नकोस. अक्षरही वेडंवाकडं दिसेल. त्याला तूर्त पेन जबाबदार आहे असं समज.

आणि दुसरं म्हणजे, या रविवारी मी घरात भुरभुरं केलं.

आता तू वाचायची थांबली असशील. तुझ्या मेहुण्याच्या, म्हणजे माझ्या मेहुणेबुवांच्या (बघ, नातीसुद्धा उलटीसुलटी व्हायला लागली) हातात पत्र देऊन 'तुम्हीच वाचा' म्हणाली असशील. परत घे. बाहेरच्या माणसाला यातलं काय कळणार? त्याच्या लेखी ते एक साधं गोड. तळाशी फळांच्या फोडी, वर मैदा-लोणी-साखरेचा चुरा, ओव्हनमध्ये भाजायचं आणि गरम गरम खायचं. लोक पाहुणे आले की करतात, पोरं पास झाली की करतात. आपल्या आईला मात्र वाईट बातमी तोंडाने सांगता यायची नाही. जीभच उचलायची नाही तिची. मग ती काही न बोलता फळं चिरायला घ्यायची. बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा केलं, आजी गेली तेव्हा केलं, आपला लंगडा कुत्रा गाडीखाली आला तेव्हाही केलं. वाट्या पुढे ठेवायची आणि म्हणायची, "आधी खा, मग सांगते." वाटी पुसून होईपर्यंत चकार शब्द नाही. तू हुशार, तू लवकरच शोध लावलास की वाटी रिकामीच झाली नाही तर बातमीही येणार नाही. आजीच्या वेळी तू तिसरी वाटी मागून घेतलीस आणि शेवटी ती बातमी तुला मोरीत ओकताना सांगावी लागली.

हसू नकोस, किंवा हस. मला अजून तुझ्या सासरचा तो किस्सा आठवला की एकट्याला हसू येतं. सासूबाईंनी पहिल्यांदा जेवायला बोलावलं, हौसेने गोड म्हणून नेमकं हेच पुढे ठेवलं, आणि तू चमचा हातात धरून पांढरीफटक पडून विचारलंस, "कोणाचं काय झालं?" त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अगं, जरा गोड जास्त झालंय का?" आणि बाबांचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा सफरचंदं नुसतीच सडायला आली होती म्हणून आईने सहज भुरभुरं लावलं. बाबा कामावरून आले, जिन्यात वास आला, आणि ते तिथेच पायरीवर बसले. बूट काढले, शेजारी नीट लावून ठेवले आणि मान खाली घालून विचारलं, "कोण?" आई दारात उलथनं घेऊन उभी. "अहो, कोणी नाही! फळं नासत होती!" बाबांना उठायला बराच वेळ लागला. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. कारणाशिवाय भुरभुरं करायचं नाही. फळं नासली तर फेकून द्यायची.

तर आईबद्दल. तू मागच्या वेळी येऊन गेलीस त्यानंतर ती आणखी दोन पायऱ्या खाली उतरली आहे. मला ती आता मिस्त्री म्हणते. तिच्या हिशेबात मी ओव्हन दुरुस्त करायला आलेला माणूस आहे, आणि माझं काम फार लांबलंय. सकाळी मी चहा घेऊन गेलो की म्हणते, "अहो मिस्त्री, अजून झालं नाही का तुमचं? आमचे हे येतील आता." पहिल्यांदा काळजात चर्र झालं. मग म्हटलं, माणूस चुकला तरी धंदा बरोबर ओळखलाय. आयुष्यभर लोकांचे ओव्हनच तर दुरुस्त केले. ना शाळा धड केली, ना कोणी उस्ताद भेटला. भंगारातून आणलेली भट्टी खोलून, पुन्हा जोडून, पुन्हा खोलून शिकलो. या शहरातल्या निम्म्या बेकऱ्यांचा पाव माझ्या हाताखालून गेलेल्या भट्ट्यांमध्ये फुगतो. हे मी कोणाला सांगायला जात नाही, पण तुला सांगायला काय हरकत आहे?

मी कामावर जातो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सिस्टरबाई आईपाशी बसतात. इस्पितळातून निवृत्त झाल्या तरी बाईंचा आवाज अजून वॉर्डातलाच आहे. आईला आंघोळ घालतात, केस विंचरतात आणि मला रागावतात. बाबा गेले तेव्हा तू म्हणाली होतीस, आईला मी घेऊन जाते. मी म्हणालो होतो, आई म्हणजे काय पार्सल आहे? तू पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होतो. तिची खिडकी इथे होती, तिचं स्वयंपाकघर इथे होतं, आणि ते सगळं चालू ठेवायला मी खमका होतो. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, माझ्या हातात दुसरं होतं काय? तेव्हाचं ते तेव्हा बरोबर होतं, एवढंच.

वर्कशॉपात सध्या माझी चेष्टा चालते. माझा जोडीदार तुला आठवत असेल, घेतलेला पाना कधी परत करत नाही म्हणून ज्याचं नावच पाना पडलं तो. थंडी संपता संपता माझ्या हातून बारीक स्क्रू निसटायला लागले. पाना म्हणाला, "उस्ताद, स्क्रू रुसलेत तुमच्यावर." मी म्हटलं, हातमोजे भिकार आहेत. नवे आणले. मग म्हटलं स्क्रू भिकार आहेत. एका बेकरीत थर्मोस्टॅटची वायर जोडायची होती, हे काम मी डोळे मिटून करतो, तर ती वायर चिमटीत राहीना. मालक बघत होता. पाना झटकन पुढे झाला, "उस्ताद, तुम्ही चहा घ्या, हे फालतू काम मला द्या" म्हणाला आणि त्यानेच जोडली. बाहेर आल्यावर त्याने चेष्टा केली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आपल्या घरातल्या त्या ओव्हनबद्दल तू नेहमी तोंड वाकडं करायचीस, केवढं धूड आणून ठेवलंय म्हणून. बंद पडलेल्या हॉटेलातून उचललेला, दाराची रबरी पट्टी माझ्या हाताने कापून बसवलेला, कॉइल बदललेली. बाजारातले ओव्हन एकशे ऐंशी दाखवतात आणि आत दोनशे असतात. माझा एकशे ऐंशी म्हणतो तेव्हा एकशे ऐंशीच असतो. रविवारी सकाळी मी तो तापत ठेवला आणि फळं घेतली. सफरचंदं आंबट आणि टणक हवीत. गोड सफरचंदांचा गाळ होतो. जोडीला दोन नासपती, दाबलं तर जेमतेम बोट उमटेल एवढ्याच पिकलेल्या. फोडी अंगठ्याच्या पेराएवढ्या, सगळ्या सारख्या, नाहीतर काही विरघळतात आणि काही करकरतात. लिंबू पिळायचं, मूठभर साखर, चिमूटभर दालचिनी. सुरी मी मुठीत धरून वापरली, त्यामुळे फोडी सारख्या झाल्या नाहीत. मला ते आवडलं नाही, पण पुढे गेलो.

खरी गोष्ट वरच्या चुऱ्याची. मैदा दोन वाटे, लोणी एक वाटा, साखर एक वाटा, सगळं तोलून, वाटी-चमच्याने नाही, आणि मिठाची कणी. लोणी फ्रिजमधून काढलेलं, दगडासारखं. त्याचे तुकडे मैद्यात टाकायचे आणि बोटांच्या टोकांनी चोळायचे. तळवा लावायचा नाही. तळवा गरम असतो, लोणी वितळतं आणि मग चुरा होत नाही, लगदा होतो. बोटांची टोकं आणि अंगठा, उचलायचं, चोळायचं, सोडायचं, जसं काही पैशाची खूण करतोय. लोक हल्ली यंत्रात फिरवतात. फिरवोत. वाळूसारखा एकसारखा चुरा होतो त्याचा, खाताना तोंडात काही घडत नाही. मधेमधे मटारएवढे गोळे राहायला हवेत, ते फक्त बोटांना कळतं.

माझ्या बोटांना ते कळलं, पण करता आलं नाही. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांजवळ येतात, टेकतातही, पण त्यांच्यात जोर उरलेला नाही. लोण्याचा तुकडा मधून सुळकन निसटतो. मी दुसरा हात लावला. तो जरा बरा, पण फार काही बरा नाही. शेवटी तळव्यांनी दाबायला लागलो, लोणी मऊ पडून हाताला चिकटायला लागलं आणि मैद्याची ओली ढेकळं झाली. आई टेबलापाशी बसून हे सगळं बघत होती. म्हणाली, "अहो मिस्त्री, लोणी वितळतंय." मी म्हटलं, "हो." जरा वेळाने परत, "वितळतंय की! तुम्हाला काही हे जमायचं नाही. सरका."

धाकटे, ती उठली. जिला हल्ली खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात, ती टेबलाला धरून आपली आपण उठली. नळाखाली हात धरले, गार पाण्याच्या धारेखाली, उलटेसुलटे, चांगले लाल होईपर्यंत. मग पुसले आणि माझा तो सगळा राडा बाजूला सारून म्हणाली, दुसरं घ्या. मी नवा मैदा तोलून दिला, नवं लोणी दिलं. तिची बोटं मैद्यात गेली आणि चालायला लागली. चेहऱ्यावर काही नाही, डोळे खिडकीबाहेर, आणि खाली बोटं एकटीच काम करत होती. चुरा असा पडत होता की मी आयुष्यात तसा केला नसेल. मी ओव्हनला टेकून उभा राहिलो. तिने फळांवर चुरा पसरला, दाबला नाही, आणि भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हं. आता तुमचं काम, ठेवा आत. चालतो ना आता हा?" मी म्हटलं, चालतो.

कडेने रस उकळून वर आला, चुरा सोनेरी झाला, आणि वास घरभर, जिनाभर पसरला. सिस्टरबाई खाली डोकावल्या, म्हणाल्या, "वा, आज काय विशेष?" त्यांना काय माहीत! मी दोन वाट्यांत वाढलं. आईच्या पुढे बसलो आणि तिचंच वाक्य तिलाच म्हणालो, आधी खा, मग सांगतो. ती खुदकन हसली. म्हणाली, "कोणाचा वाढदिवस आहे का?" आणि खायला लागली. चवीने, चमचा चाटत, कडेचं खरवडून, अगदी मन लावून खाल्लं तिने. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हा पदार्थ चांगला लागतो. इतकी वर्षं आपण तो भीतीने गिळत आलो. चव बघितलीच कुठे?

तिने आणखी मागितलं, मी दिलं. तिची दुसरी वाटी संपली तेव्हा माझी पहिली तशीच होती. मग मी सांगितलं. पण मी कोणाचा मुलगा आहे ते तूच बघ. 'मला' हा शब्द काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. चांगला कारागीर आहे. त्याला शर्टाची बटणं लावता येईनात, म्हणून वरच्या सिस्टरबाईंनी त्याचा हात हातात घेऊन बघितला, अंगठ्याच्या खालचा मऊ भाग दाबला, आणि ज्या बाई कधी गप्प बसत नाहीत त्या गप्प बसल्या. त्यांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, भली होती, घाई केली नाही तिने. सुया टोचून टोचून तपासलं. हा म्हणाला, बाई, सरळ सांगा, मोटर गेली आहे की वायर? ती म्हणाली, वायर. हा म्हणाला, मग वायर बदलता येईल. ती म्हणाली, नाही येत. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं. जोर हळूहळू जात राहील, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. औषधाने थोडा वेग कमी होईल, तोही झाला तर. हा माणूस उठला, आभार मानले आणि दाराची कडी दोन्ही हातांनी उघडून बाहेर आला.

आईने सगळं ऐकलं. कळलं की नाही कोण जाणे, पण ऐकलं. मग म्हणाली, "बिचारा. घरी कोण आहे त्याला?" मी म्हटलं, म्हातारी आई आहे. "म्हातारीला काय करता येणार? आणखी?" मी म्हटलं, एक बहीण आहे, लांब असते. "तिला कळवलं का?" मी म्हटलं, नाही. तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे तसंच बघितलं, जसं मी शाळेतून न सांगता पळून आलो होतो तेव्हा बघितलं होतं. "नाही म्हणजे? कळवायला नको? अहो, सख्खी बहीण ना! उद्या तिला दुसऱ्याकडून कळलं तर तिने काय करायचं?" आयुष्यभर जिला एक वाईट बातमी सांगता आली नाही, ती मला हे विचारत होती. मग तिने भांड्यात उरलेलं बघितलं आणि म्हणाली, "थोडं त्याच्यासाठी बांधून न्या. गरम आहे तोवर न्या."

तर कळवतो आहे. तो माणूस मी. आईला मी आता आंघोळीला उठवू शकत नाही. गेल्या आठवड्यात ती माझ्या हातातून निसटता निसटता राहिली, सिस्टरबाई होत्या म्हणून निभावलं, आणि त्यांचंही वय झालंय. मोडेन पण वाकणार नाही असं म्हणत आलो. पण मी मोडायला माझी हरकत नाही, ती मोडता कामा नये. तू एकदा मागितली होतीस, आता मी देतो आहे. तिला घेऊन जा. तुझं काय, असं तू विचारशील. त्याचं उत्तर माझ्याकडे असतं तर हे पत्र इतकं लांबलं नसतं, ते तू आल्यावर समोरासमोर बसून बोलू. तिचे कपडे मी काढून ठेवले आहेत, घड्या तळव्यांनी दाबून करता येतात, चांगल्या होतात. थंडीची शाल, औषधं, जिच्याशिवाय तिला झोप लागत नाही ती उशी, सगळं त्या मोठ्या बॅगेत बसतं, मी दोनदा भरून बघितलं. फक्त बॅगेची चेन माझ्याने ओढवत नाही. पानाला सांगितलं तर तो धावत येईल, सिस्टरबाई वरून येतील. पण त्यांना सांगणार नाही. बॅग मी भरून ठेवतो, चेन तेवढी तू येऊन लाव.

तुझाच,
दादा